दिवसभर गादीवर बसून धंदा, साखर उंबऱ्यावर. टिकतील अशा सवयी सांगा

गादीवाला_सांगली

नमस्कार मंडळी.

वय ४१, वजन ८४ किलो. सांगली मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, वडिलांपासूनची. विम्यासाठी तपासण्या केल्या त्यात एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभे आहात. गोळी आत्ता नको, आधी रोजचं वागणं बदला. पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर भरला. तो ऐकून बायको हसली, मी नाही.

आता रोजचं वागणं म्हणजे काय ते सांगतो. सकाळी साडेआठला दुकान. सौदे चालू असतात तेवढा वेळ पायावर, या थप्पीपासून त्या थप्पीपर्यंत. ते आटोपले की गादी, आणि मग संध्याकाळपर्यंत गादीच. इरोडचा भाव काय निघाला, निजामाबादला आवक किती, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बँक, ट्रकवाला. सगळं फोनवर, मांडी घालून. आलेल्या शेतकऱ्याला चहा द्यायचाच, आणि त्याला एकट्याला प्यायला लावणं बरं दिसत नाही. असे आठ-दहा कप होतात. गादीच्या उजव्या हाताला भडंगाचा डबा आहे, अण्णांनी दुकान घातलं तेव्हापासून तिथेच. दुपारचं जेवण कधी दोनला, कधी साडेतीनला. रात्री दहाला जेवतो आणि साडेबारापर्यंत व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर भावाचे मेसेज बघत पडतो.

व्यायाम आवडत नाही असं नाही. आमराईत सकाळी फिरायला जातो, पण फेब्रुवारीत हंगाम लागला की रात्री-अपरात्री गाड्या उतरतात आणि फिरणं सुटतं. दरवर्षीचं आहे. त्यामुळे "पहाटे पाचला उठा" एवढं सोडून काहीही सांगा. जे आहे त्या दिवसात, दुकानात बसूनच जमेल असं.

मास्तर_सातारा

रामराम गादीवाले.

मी एसटीत वाहक, सातारा डेपो, आता निवृत्त. माझ्या धंद्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे म्हणून लिहितो. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस म्हणून होते. १९५३ साली त्यांनी तिथल्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हृदयविकाराची तुलना छापली. एकच कंपनी, एकच गाडी, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करत तिकिटं देणाऱ्या कंडक्टरांना कमी. नंतर लोकांनी त्यात शंका काढल्या. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच जाडे असायचे वगैरे. पण बसण्याकडे डॉक्टर लोकांचं लक्ष गेलं ते तिथून.

आमच्या लाल गाडीला कुठला वरचा मजला. पण रहिमतपूरच्या बाजारादिवशी साठ-सत्तर माणसं, कोंबड्या, पाट्या यांतून मागच्या बाकापासून ड्रायव्हरपर्यंत तिकीट फाडत जाऊन दाखवावं कुणीही. माझा जोडीदार ड्रायव्हर आणि मी एकाच हॉटेलात, एकाच ताटात जेवलो. पोट त्याचं सुटलं.

तेव्हा पहिली गोष्ट, बसून राहू नका. दुसरी, सूर्यनमस्कार. ते काही बाहेरून आलेलं खूळ नाही. आपल्याच भागातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत ते लावले, आणि राजा असून स्वतः रोज घालायचे. आमचे वडील औंधच्या शाळेत शिकले, त्यांना शेवटपर्यंत ती सवय होती. बारा नमस्कारांना दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि रविवारी एखादा चढ चढा. मी अजून अजिंक्यतारा चढतो, मधे कुठे टेकत नाही.

विश्रामबागच्या_काकू

मास्तर, सांगलीत अजिंक्यतारा आणायचा कुठून? इथे चढ म्हणजे आयर्विन पुलाचा. नमस्काराचं बोललात ते बरोबर, पण भाऊंनी सांगितलंय ना, सकाळ हंगामात हातात राहत नाही म्हणून.

भाऊ, मी विश्रामबागला खानावळ चालवते. वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरं, आणि घरापासून लांब राहणारे नोकरदार. इतकी माणसं रोज दोन वेळा डोळ्यांसमोर जेवताना बघून माझं एक मत झालंय. माणूस ठरवून खात नाही, समोर असेल ते खातो. त्यामुळे मनाला समजावत बसू नका, वस्तूंच्या जागा बदला.

मिठाचंच बघा. आमच्याकडे प्रत्येक टेबलावर मिठाची डबी असायची. पोरं आमटीचा घास तोंडात जायच्या आधीच मीठ टाकायची, चव बघायची पद्धतच नाही. मी पुष्कळ सांगितलं. हसायची आणि टाकायची. शेवटी सगळ्या डब्या उचलल्या आणि एकच ठेवली, हात धुवायच्या बेसिनच्या वर फळीवर. कुणाला मनाई नाही, हवं त्यानं उठून घ्यावं. कोण उठतंय? मीठ खरंच कमी पडलं असेल तरच एखादा उठतो, आणि तेव्हा मला कळतं की आज आमटीत आपलाच हात आखडला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आमटी, भाजी, लोणचं, पापड, तुमचं भडंग सगळं धरून.

तसंच कोशिंबिरीचं. ताटात आधी काकडीची नाहीतर मुळ्याची कोशिंबीर आणि मटकीची उसळ येते, भाकरी तव्यावरून यायला पाच-सात मिनिटं लागतात. भुकेलेलं पोरगं तोवर थांबत नाही, समोरचं संपवतं. खरं सांगायचं तर मी हे कुणाच्या तब्येतीसाठी केलं नव्हतं. गर्दीच्या वेळी तव्याला दम मिळावा म्हणून केलं. पुढे जेवायला येणाऱ्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की भाजी-उसळ आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या भाकरी-भाताची साखर सावकाश चढते. तुम्ही घरी एवढं नक्की करा, यात पैसाही लागत नाही आणि वेळही. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी.

भाकरीवरून आठवलं. शाळूची भाकरी चांगली, त्यात कोंडा टिकतो, पोट भरल्यासारखं राहतं. पण "भाकरीच आहे, काही होत नाही" म्हणत चार-चार खाणारे मी रोज बघते. चार भाकऱ्यांची साखर चढणारच. गुळाचंही तेच. साखर सोडून गुळाचा चहा प्यायचा आणि दोन कप जास्त घ्यायचे, हे कुणी सुरू केलं देव जाणे.

तेल मी सकाळीच एका भांड्यात दिवसभराचं काढून घेते आणि डबा वर ठेवून देते. भांड्यातलं संपत आलं की फोडणीला हात आपोआप आखडतो. घरात हे वहिनींना सांगा, पण सांगताना जपून. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या वर तेल जात असेल तर जास्त जातंय म्हणायचं.

आता तुमच्या गादीकडे येते. आमच्या माहेरची वखार होती, मला यार्ड माहीत आहे.

भडंगाचा डबा उजव्या हाताला आहे म्हणून तुम्ही भडंग खाता. भूक लागते म्हणून नाही. तो माळ्यावर टाका. शिडी लावून भडंग खायला चढणारा अडत्या मी तरी पाहिला नाही. चढलात तर व्यायाम.

फोनचा चार्जर गादीपासून लांब लावा, वजनकाट्याजवळ असेल त्या बटणाला. फोन तिथेच राहील. वाजला की उठायचं आणि बोलणं होईपर्यंत शेडमध्ये चालायचं. तुमच्या धंद्यात तासाला किती फोन येतात ते तुम्हाला माहीत. मास्तरांची दुमजली बस तुम्हाला दुकानातच मिळेल.

पाण्याची बाटली जवळ घेऊन बसू नका. माठ हमालांच्या बाजूला असतो ना, तिथे जाऊन प्या.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. दुपारी जेवलात की लगेच गादीवर टेकू नका. वखारीत माल बघायचं काम रोजचंच आहे. कुठल्या थप्पीला ओल लागलीय, कुठलं पोतं उसवलंय, कुणाचा माल कुठे लावलाय. ते सकाळी उरकून टाकता ना? ते जेवणानंतर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं चालणं होतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पायाचे स्नायू तेव्हाच ओढून घेतात. साडेतीनला जेवलात तरी चालेल, पण मागून चालणं हवं. व्यायाम म्हणून ठेवलंत तर हंगामात पहिलं तेच सुटेल. माल बघणं हंगामात सुटत नाही, उलट वाढतं.

रात्रीचं आमच्या घरातलं सांगते. आम्ही घरपोच दूध बंद केलं. जेवणं झाली, भांडी विसळली की मी आणि हे शंभर फुटी रस्त्यानं चालत डेअरीवर जातो आणि पिशवी घेऊन येतो. यांना चालायचा भयंकर कंटाळा. पण दूध नसेल तर सकाळी चहा नाही, म्हणून येतात. "शतपावलीला चला" म्हटलं असतं तर आजतागायत उठले नसते.

झोपेचं मी काय सांगणार, मीच चारला उठते. पण मोबाईल उशाशी नको, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ मिळतं. रात्री बाराला कळलेल्या भावानं सकाळपर्यंत काही हळद विकली जात नाही.

चहाचं मला नीट सुचत नाही. पाहुण्याबरोबर प्यायला लागतो हे खरं आहे. निदान संध्याकाळी सहानंतर बंद करा. चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं.

मिरजेची_सिस्टर

काकूंचं पटलं. मी परिचारिका आहे. थोडं आकड्यांचं बोलते, कारण असे रिपोर्ट रोज हातात येतात आणि लोक एक तर घाबरून जातात नाहीतर फाईल कपाटात टाकतात.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाआधीची पायरी. ६.५ आणि पुढे मधुमेह. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून दर आठवड्याला करून उपयोग नाही. तीन महिन्यांनी करा, त्याच प्रयोगशाळेत. आपल्याकडच्या पुरुषांना कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांना ८०.

या पायरीवरून मागे येता येतं. अमेरिकेत तुमच्यासारख्याच लोकांवर एक मोठी पाहणी झाली, २००२ साली तिचे निष्कर्ष आले. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे सहा किलोही नाहीत. १०,००० पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, डॉक्टरांनी काढलेला नाही.

चहाचा हिशोब मात्र मांडून बघा. कपात दोन चमचे धरले तर आठ कपांत सोळा चमचे, म्हणजे साठ ग्रॅमच्या वर साखर. आरोग्य संघटना वरची साखर जास्तीत जास्त ५० ग्रॅम म्हणते, आणि शक्यतो २५. तुम्ही जेवणाआधीच ती ओलांडता. मला विचाराल तर भडंगापेक्षा आधी चहा सोडवा.

बीपी मोजून घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, आधी अर्धा तास चहा न घेता. पायऱ्या चढून आल्या आल्या मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

आणि विचारू का? यार्ड म्हटलं म्हणून विचारते. तंबाखू-चुना आहे का? तुमचा नसेल तर हमालांचा असेल, आणि घरात कुणाची मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायला म्हणून आपल्या भागातल्या बायका ती दिवसातून चार वेळा लावतात आणि विचारलं तर "मी तंबाखू खात नाही" असं सांगतात. सोडायची असेल त्यांच्यासाठी सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

मेथीचं पाणी, कारल्याचा रस कुणी सांगेलच. प्यायचा तर प्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी चुकवू नका.

मास्तर_सातारा

सिस्टरबाई, मिश्रीचं लिहिलंत ते उत्तम. आमच्या घरात यावरून अजून भांडण चालू आहे.

गादीवाले, चहाला उपाय आहे. ड्युटीवर असताना मी घरून बिनसाखरेचा चहा लहान थर्मासात न्यायचो. स्टँडवरचा प्यायचोच नाही. शेतकऱ्याला यार्डातला मागवा, तुम्ही थर्मासातला घ्या. हातात कप असला की झालं. दुसऱ्याच्या कपात कोण डोकावतंय.

गादीवाला_सांगली

मंडळी, उशिरा लिहितोय, पण काय काय झालं ते सांगतो.

थर्मास चालू आहे. यार्डातला चहावाला पातेल्यातच साखर घालतो, त्याला "एक फिका आण" म्हटलं की माझ्याकडे बघत राहायचा. आता घरून येतो. अर्धा-अर्धा पेला घेतो. सुरुवातीला घशाखाली उतरत नव्हता. परवा लग्नात नेहमीचा घेतला तर तोच पाकासारखा लागला.

चार्जर काट्याजवळच्या खांबाला लावलाय. इरोडचा दलाल एकदा बोलायला लागला की थांबत नाही, तेवढ्यात शेडला फेऱ्या होतात. हमाल पहिल्यांदा हसले. आता त्यांनी माझ्या वाटेतली पोती बाजूला लावली आहेत.

जेवणानंतर वखार हे सगळ्यात सोपं गेलं, काकू. त्यातून दोन पोत्यांना भोक पाडलेला उंदीरही सापडला.

भडंगाचा डबा मात्र माळ्यावर गेला नाही. अण्णा म्हणाले, तो हलवायचा असेल तर मलाही हलवा. तडजोड अशी झाली की डबा आता त्यांच्या बाजूला आहे. मला भडंग हवं असेल तर त्यांच्या अंगावरून हात घालावा लागतो, आणि ते चष्म्यावरून बघतात. माळ्यापेक्षा हे बरं चाललंय.

मोबाईल ओट्यावर ठेवायचं अजून जमलेलं नाही. तंबाखू मला नाही, हमालांना सगळ्यांना आहे. तो नंबर काट्याच्या वर लिहून लावला आहे.

एक विचारायचं होतं. श्रावण येतोय आणि आमच्याकडे सोमवार कडक असतात. सकाळी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याची भाजी आणि वेफर. हे करावं की उपास सोडावा?

विश्रामबागच्या_काकू

उपास कशाला सोडता. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, त्यात बटाटा पडला की पिष्टात पिष्ट. त्यापेक्षा वरी शिजवा आणि दाण्याची आमटी करा, बरोबर काकडीची कोशिंबीर, दही. वरीसुद्धा वाटीभरच, डोंगर नको. खिचडी खायचीच असेल तर लहान वाटी, कूट भरपूर आणि आधी काकडी. वेफर घरातच आणू नका, आणले की समोर येतात. ताक प्या, साखर न घालता. उपासाचे राजगिऱ्याचे लाडू गुळातले असतात, घरात आले तर ते अण्णांना द्या, डब्यावर पहारा देतात म्हणून.

मिरजेची_सिस्टर

काकू, थांबा. लाडू देण्याआधी अण्णांची साखर किती आहे ते तरी कळू दे. गादीवाले, वडिलांचं तुम्ही अजून सांगितलंच नाहीत. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असला तर तुमचा धोका वाढतो, डॉक्टरांनी विचारलं असेलच.

गादीवाला_सांगली

विचारलं होतं. मी "नाही" म्हणालो. सिस्टर, तुमचं वाचून आज अण्णांना विचारलं, तर त्यांनी आजपर्यंत कधी तपासलीच नाही असं निघालं. वय ७२. शनिवारी उपाशीपोटी चला म्हटलं तर म्हणतात, आधी सौदे होऊ देत, मग बघू.